पोस्टरवर न दिसणारे गोव्यातील संगीत

मिरज सोडून गोव्यातल्या पर्वरीला राहायला आल्यापासून घरच्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला आहे : तिकडे रात्रभर गाणी वाजत असतील, मग तुम्हाला झोप तरी कशी लागते? प्रश्नामागे काळजी असते, आणि मनातले चित्र अगदीच खोटे आहे असेही नाही. २००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव २०१६ मध्ये पुण्याला हलला, आणि इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे मोठे मैदान, प्रखर दिवे आणि छातीत धडधडणारा ठोका, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत पक्की झाली. त्या मैदानावर जाणाऱ्यांविषयी माझी काही तक्रार नाही. पण गोव्यात राहून मला जे संगीत सापडले आणि ज्याने माझे ऐकणेच बदलून टाकले, ते तिथे नसते. ते चाळीसएक माणसे दाटीने बसतील एवढ्या खोलीत असते, एखाद्या जुन्या घराच्या बाल्कावाजवळ, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीजवळ असते, आणि त्याची जाहिरात महामार्गावरच्या फलकावर कधीच लागत नाही.

अशा कार्यक्रमात नेमके काय ऐकायला मिळते, हे आधी सांगायला हवे. टेबलावर आवाज एकत्र करणारा मिक्सर, सुटे भाग तारांनी जोडून विजेवर ध्वनी घडवणारा एखादा मॉड्युलर सिंथेसायझर, त्यातून लोंबणाऱ्या रंगीबेरंगी पॅच केबल आणि शेजारी पत्र्याच्या तुकड्याला चिकटवलेला कॉन्टॅक्ट माइक, एवढे सामान मांडून एक जण बसतो. कॉन्टॅक्ट माइक हवेतला आवाज घेत नाही, तर ज्या वस्तूला तो चिकटवलेला असतो तिचे कंपन घेतो, त्यामुळे पत्र्यावरून फिरणाऱ्या बोटाचाही केवढा तरी मोठा ध्वनी होतो. कधी एकच स्वर कितीतरी वेळ चालू राहतो आणि अत्यंत सावकाश रंग बदलतो. त्याला ड्रोन म्हणतात. कधी फेरीबोटीचे इंजिन, चर्चच्या घंटा, पावसाळ्यातले बेडूक अशा बाहेर जाऊन मुद्रित केलेल्या आवाजांवर सगळी रचना उभी असते. ते फील्ड रेकॉर्डिंग. आणि कधी निव्वळ खरखर आणि गरगर असते, जिला ही मंडळी सरळ नॉइज म्हणतात.

मिरजेच्या माणसाला हे परके वाटण्याचे काहीच कारण नाही, असे माझे ठाम मत आहे. मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची जवारी काढताना कारागीर काय करतो ते आठवून पाहा. घोडीचा पृष्ठभाग तो कानाने ऐकत ऐकत घासतो, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, आणि तार त्या पृष्ठभागाला निसटता स्पर्श करत कंप पावू लागली की मूळ स्वराच्या वर उपस्वर उमलून येतात. ड्रोन वाजवणारा कलाकार सिंथेसायझरचा फिल्टर हळूहळू उघडतो, तेव्हा तोही हेच साधत असतो : मूळ स्वर तोच ठेवून त्याच्या पोटातले उपस्वर एकेक करून पुढे आणणे. ज्याने तंबोरे जुळवून होईपर्यंत मैफलीत शांत बसून ऐकले आहे, त्याचा कान या संगीतासाठी निम्मा तयार आहे.

शिवाय हे सगळे अलीकडे परदेशातून आलेले वेड आहे, हा समजही दुरुस्त करायला हवा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीच्या सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला, आणि पुढची तीनेक वर्षे गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे आपापल्या रचना टेपवर उतरवल्या. या गीता साराभाई म्हणजे पखवाज वाजवणाऱ्या, १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी प्रयोगशील संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या. त्या टेप संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटनमधील कलाकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. मी त्या पहिल्यांदा हेडफोनवर ऐकल्या तेव्हा, माझे आईवडील शाळेत जात असतील त्या काळात, आपल्या शेजारच्या राज्यात, कोणीतरी इतक्या मोकळेपणाने स्वरांशी खेळत होते, या गोष्टीने मी थरारून गेलो.

दुसरी गोष्ट मुंबईची. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाद्ये वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. त्यातले टीबी-३०३ नावाचे छोटे यंत्र मुळात बास गिटारची साथ मिळावी म्हणून बनवले होते. ते खपले नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादनही थांबले. मग जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले, शिकागोच्या तरुणांच्या हाती लागले, आणि १९८७ मध्ये त्याच्या चिवचिवत्या, पिळवटलेल्या आवाजावर अ‍ॅसिड हाउस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जगाला माहीत झाला. चरणजित सिंग यांची तबकडी मात्र कोणी फारशी विकत घेतली नव्हती. २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे जाणकार चकित झाले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी थोडी वर्षे तरी त्यांना रंगमंचावर ही कदर अनुभवता आली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

गंमत अशी की त्याच यंत्राचा आवाज पुढे गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर पोहोचला. १९८० च्या दशकात तिथे जमणाऱ्या परदेशी मंडळींत गाणी कॅसेटवर हातोहात फिरत असत. लोरां नावाचा फ्रेंच डीजे गाण्यांतले गायन कापून टाकून फक्त वाद्यांचे तुकडे जोडत असे. पुढे सोनी कंपनीची डीएटी ही डिजिटल टेप आली आणि ती इथे रुजली, कारण उन्हाने आणि दमट हवेने तबकड्या वाकतात, टेप टिकते. अमेरिकेतून येऊन हणजूणला राहिलेले आणि २०२३ मध्ये निवर्तलेले गोवा गिल तर अखेरपर्यंत डीएटीवरूनच वाजवत. त्या काळी नवे संगीत मिळवायचे तर ज्याच्याकडे टेप आहे त्याच्याशी ओळख करून घ्यावी लागे, आणि आपल्याकडची टेप द्यावी लागे. मला वाटते, ही देवघेवीची रीत गोव्याच्या हवेत अजून आहे.

आता रात्रीच्या आवाजाबद्दल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत, चालतो. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हा नियम सगळीकडे नीट पाळला जातो असे मी म्हणणार नाही, किनाऱ्याजवळच्या गावांतले लोक त्यासाठी सतत भांडत असतात आणि ते बरोबरच करतात. पण या नियमाचा एक चांगला परिणाम मी पाहिला आहे. पाळोळ्याला लोकांनी प्रत्येकाच्या कानाला हेडफोन लावून नाचण्याचा मार्ग काढला, आणि ज्यांना नाचायचे नसून ऐकायचे आहे त्यांनी संध्याकाळी लवकर, लहान खोलीत, कमी आवाजात कार्यक्रम ठेवायला सुरुवात केली. सहाला दार उघडते, नऊला सगळे आटोपते, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या माझ्यासारख्याला ते फार सोयीचे पडते.

हे संगीत शोधायचे कसे, हा तुमच्यापैकी अनेकांनी विचारलेला प्रश्न. माझा बहुतेक शोध बँडकॅम्पवर होतो. २००८ पासून चालू असलेल्या या संकेतस्थळावर कलाकार किंवा लेबल, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या संस्था, आपले काम थेट विकायला ठेवतात. विक्रीतला साधारण पंधरा टक्के वाटा बँडकॅम्प घेते, उरलेली रक्कम, पैसे पाठवण्याचा खर्च वजा जाता, कलाकाराकडे जाते. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात, आणि मी खरेदी शक्यतो त्याच दिवशी करतो. पण खरी किल्ली वेगळीच आहे. प्रत्येक अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी चित्रे दिसतात, आणि एखाद्या चित्रावर टिचकी मारली की त्या माणसाचा संपूर्ण संग्रह उघडतो. ज्या अल्बमचे गिऱ्हाईक अगदी मोजके आहे, तिथून सुरुवात करावी. असा अल्बम आपल्याला आवडला, तर त्या मोजक्या लोकांची आवड आपल्याशी जुळण्याची शक्यता खूप मोठी असते, आणि त्यांच्या संग्रहात आपण कधीच न ऐकलेली नावे सापडतात. यंत्राने केलेल्या शिफारशी मला नेहमी त्याच त्या प्रसिद्ध नावांकडे परत नेतात. माणसाचा संग्रह मात्र आडवळणाने नेतो.

दुसरी सवय म्हणजे अल्बमची श्रेयनामावली वाचणे. मास्टरिंग, म्हणजे ध्वनीवरचा शेवटचा हात, कोणी केले, मुखपृष्ठ कोणाचे, कोणत्या खोलीत ध्वनिमुद्रण झाले, हे वाचत गेले की एका नावाचा धागा दुसऱ्या नावाला लागतो. मग लेबलांची ओळख होते. दिल्लीचे किल्ला रेकॉर्ड्स टेक्नो या यांत्रिक ठेक्याच्या नृत्यसंगीतासाठी, बंगळूरचे कन्सॉलिडेट थोड्या मऊ, विचित्र ठेक्यांसाठी. २०१७ साली दिल्लीत सुरू झालेला बॉक्सआउट डॉट एफएम हा इंटरनेट रेडिओ मी स्वयंपाक करताना लावून ठेवतो, कारण तिथे निवेदक स्वतः शोधलेल्या गोष्टी वाजवतात. आणि रिप्रोड्यूस आर्टिस्ट्स या गटाच्या ‘लिसनिंग रूम’ नावाच्या बैठकांचा उल्लेख करायलाच हवा : देशातल्या निरनिराळ्या शहरांत एका संध्याकाळी अनेक कलाकार, प्रत्येकाला थोडाच वेळ, आणि श्रोत्यांनी बोलायचे नाही. कोण वाजवणार आहे हे माहीत नसताना जाऊन बसावे, अशी ही रीत आहे, आणि नव्या श्रोत्यासाठी तिच्याइतकी चांगली शाळा मला ठाऊक नाही.

गोव्यात ठिकाणे विखुरलेली आहेत. पणजीत फॉर द रेकॉर्ड नावाचा तबकड्या ऐकवणारा बार आहे. अल्तिन्हो टेकडीवर सुनापरान्त हे कलाकेंद्र आहे. कलाकार निखिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले एचएच आर्ट स्पेसेस मुख्यतः सादरीकरण-कलेसाठी आहे, पण ध्वनीवर काम करणारे कलाकारही या वर्तुळात असतात. २०१६ साली सुरू झालेल्या आणि डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इमारतीतील दालनांतून फिरताना कधी कधी असे काही ऐकायला मिळते की पुढच्या दालनात जाववत नाही. बाकीचे कार्यक्रम तोंडी कळतात. एका कार्यक्रमाला गेलात, शेवटी थांबून खुर्च्या उचलू लागलात, वाजवणाऱ्याशी चार शब्द बोललात, की पुढच्या वेळचा निरोप तुमच्यापर्यंत येतो. रात्री परतायला बस मिळत नाही, त्यामुळे कोण कोणाला गाडीवरून सोडणार हे आधीच ठरवावे लागते, आणि माझ्या इथल्या निम्म्या ओळखी या परतीच्या वाटेवरच झाल्या.

एकदा मी शेजारच्या काकांना बरोबर नेले. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यांच्या घरी मराठी आरत्या घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांवर होतात, आणि काका घुमट अप्रतिम वाजवतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने वारसा वाद्य म्हणून घोषित केलेले हे मातीचे वाद्य : मोठ्या तोंडाला चामडे, लहान तोंड उघडे. पूर्वी घोरपडीचे चामडे लावत, वन्यजीव कायद्यामुळे आता बकऱ्याचे लावतात. त्या संध्याकाळी एका तरुणाने घुमटाच्या आत छोटा माइक सोडला होता, आणि त्याचा आवाज डिले नावाच्या, प्रतिध्वनी उमटवणाऱ्या यंत्रातून फिरवून तो जवळजवळ ठोका न वाजवताच बसला होता. डाव्या तळव्याने उघडे तोंड झाकायचे आणि सोडायचे, एवढेच. काका बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “अरे, हा घुमटाचा श्वास वाजवतोय रे. आम्ही ठोक्याच्या नादात तो कधी ऐकलाच नाही.” कार्यक्रम संपल्यावर तो तरुण स्वतःच त्यांच्याकडे आला. “काका, तुमचा हात बघून कळतंय तुम्ही वाजवता. डाव्या हाताचं मला दाखवाल का?” दोघे जमिनीवर बसले आणि दार बंद करायची वेळ होऊन गेली तरी उठेनात. काकांनी त्याला आपल्या घरच्या आरतीला बोलावले, आणि तो आलाही.

या संगीताला आपल्याकडे श्रोते नाहीत, असे कोणी म्हटले की मला काका आठवतात. श्रोते आहेत, त्यांच्यापर्यंत कोणी जात नाही. आणि वाजवणाऱ्यांना त्यांची गरजही आहे, कारण यातल्या बहुतेकांची रोजीरोटी दुसरीकडेच असते. दारावर पेटी ठेवलेली असेल तर तिच्यात जेवणाइतके पैसे टाकणे, घरी जाऊन त्याचा अल्बम विकत घेणे आणि तो ऐकून काय वाटले ते त्याला दोन ओळींत कळवणे, एवढ्याने पुढचे ध्वनिमुद्रण होते. किंमत ऐच्छिक ठेवलेली असेल तेव्हा फुकट उतरवून घेण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सांगली-मिरजेकडून डिसेंबरात कोणी येणार असेल, तर मला आठवडाभर आधी कळवा. म्हणजे कोणत्या संध्याकाळी कुठे काय आहे ते विचारून ठेवता येईल. बसायला सतरंजी लागते, कारण खुर्च्या पुरत नाहीत. कानात घालायचे फोमचे बोळेही बरोबर असू द्या, नॉइज वाजवणारा कोणी असेल तर पहिल्या रांगेत ते हवेतच.