माळ्यावरच्या खेळण्यांची फिल्म: भोवरा उलटा का फिरतो?

माळ्यावरून भातुकली, भोवरे, चिंधीची बाहुली खाली उतरली, की हरवलेल्या खेळण्यांच्या गोष्टीची अ‍ॅनिमेशन फिल्म घरीच होते. नाशिककरांना यात नवल वाटू नये. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी कुंडीतला वाटाणा रोज थोडा थोडा चित्रित करून पडद्यावर वाढवून दाखवला होता.

खेळणं जरासं हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचं; हे फोटो भराभर दाखवले की ते चालताना दिसतं. सेकंदाला १२ फोटो धरा, म्हणजे अर्ध्या मिनिटाला ३६०. पहिल्या खेपेला एवढंच पुरे, पोरं याच्यापुढे टिकत नाहीत.

फिल्म बिघडते ती बहुधा उजेडामुळे. खिडकीतून ऊन येत असेल तर ढग सरकला की चित्र लुकलुकतं. पडदे ओढून घ्या, दोन एलईडी दिवे लावा आणि फोनमध्ये फोकस, एक्स्पोजर (फोटो किती उजळ), व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, १/५० सेकंदावर ठेवा. नाहीतर फोटोवर पट्टे उमटतात. शेजारी बसणाऱ्याने पांढरा शर्ट घालू नये, त्याचाही उजेड सेटवर पडतो.

भांडी बाजारातली पितळी भातुकली चिंचेने घासण्याचा मोह आवरा. लख्ख बंबात फोन, ट्रायपॉड, तुम्ही, सगळे दिसाल. मळकीच बरी, दिव्यापुढे बटर पेपर धरला की उरलेली चमकही मऊ होते.

खरी गंमत भोवऱ्याची. त्याची आर, म्हणजे टोकाचा खिळा, थर्मोकोलमध्ये खुपसा म्हणजे तो उभा राहील. दर फोटोला ३० अंश फिरवलात तर सेकंदाला एक फेरा, भोवऱ्यासाठी फारच संथ. म्हणून माणूस ९० अंश फिरवतो, आणि भोवऱ्यावर सारखे चार पट्टे असले तर तो पडद्यावर जागचा हलत नाही! ६० अंश फिरवला तर उलटा फिरताना दिसतो. एकाच पट्ट्यावर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा, डोळ्याला फेरा कळतो.

बाहुलीची एक शिवण उसवून आत दीड-दोन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी पीळ देऊन घाला. तांब्याची तार वाकवून वाकवून कडक होते आणि ऐन प्रसंगात मोडते. पाऊल टाकताना दर फोटोला आधी २, मग ४, मग ८ मिलिमीटर सरकवा, थांबताना उलट क्रम. सारखं अंतर ठेवलं तर बाहुली चालत नाही, घसरते.