चिवड्याच्या डब्यातला माईक ट्राउट

मागच्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या आमच्या घराचे तळघर आवरताना चिवड्याच्या एका जुन्या स्टीलच्या डब्यात मुलाची बेसबॉलची कार्डे सापडली. २०११ साली, तो नऊ वर्षांचा असताना, खाऊच्या पैशांतून त्याने पाकिटे घेतली होती आणि त्यांतली बरी वाटलेली तीसएक कार्डे रबरबँड लावून डब्यात ठेवली होती. त्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर टॉप्स कंपनीच्या २०११च्या ‘अपडेट’ मालिकेतले यूएस१७५ क्रमांकाचे कार्ड होते. नाव माईक ट्राउट, संघ लॉस एंजेलिस एंजल्स, कोपऱ्यात रूकी (नवख्या खेळाडूच्या) कार्डाची खूण. फोटो पाठवला तेव्हा मुलाचे उत्तर आले, “बाबा, विकायचं की ठेवायचं ते तूच ठरव. पण आधी तो किती मोठा खेळाडू आहे ते समजून घे.” हे समजून घेण्यात माझे आठ-नऊ महिने गेले.

माझा पिंड क्रिकेटचा असल्यामुळे मी प्रथम फलंदाजीची सरासरी, म्हणजे फटका मारून बेस (धावेसाठी गाठायचा टप्पा) मिळवण्याचे प्रमाण, पाहिली आणि तिथेच चुकलो. २०१८ साली ट्राउटची सरासरी .३१२ होती, म्हणजे उत्तम, पण थक्क व्हावे अशी नव्हे. त्याच वर्षी तो .४६० इतक्या प्रमाणात बेसवर पोहोचला होता, कारण त्याला १२२ वेळा चार वाईट चेंडूंवर चालत पहिला बेस मिळाला. क्रिकेटमध्ये वाइड चेंडूची धाव फलंदाजाच्या नावावर जात नाही, त्यामुळे हे ‘चालत जाणे’ कर्तृत्वात धरायला माझे मन काही आठवडे तयार नव्हते. पण पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा, नको तो चेंडू न मारता सोडणे हे कसब आहे, आणि २०१६ ते २०१९ अशी सलग चार वर्षे अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या मुख्य स्पर्धेच्या दोन गटांपैकी एंजल्सच्या गटात) बेसवर पोहोचण्यात त्याच्या पुढे कोणीही नव्हते, हे दिसल्यावर माझा हट्ट सुटला.

खरा वाद २०१२ सालचा आहे. त्या वर्षी डेट्रॉइटच्या मिगेल काब्रेराने सरासरी, होमरन (चेंडू कुंपणापार धाडणारे फटके) आणि काढून दिलेल्या धावा (आपल्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या) या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. असा तिहेरी मुकुट त्यापूर्वी १९६७ साली मिळाला होता. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, ज्याला सगळे एमव्हीपी म्हणतात, तो साहजिकच त्याला गेला. विशीतल्या ट्राउटने त्या पहिल्याच पूर्ण मोसमात ३० होमरन मारले, ४९ बेस चोरले (फटक्याची वाट न पाहता पळून गाठले), कुंपणापलीकडे जाणारे फटके उडी मारून परत आणले, पण काढून दिलेल्या धावा मात्र ८३, काब्रेराच्या १३९. हा आकडा आपल्या पुढे खेळणारे सहकारी बेसवर असतात की नाही यावर अवलंबून असतो आणि ट्राउट तर बहुतेक वेळा पहिल्याच क्रमांकावर खेळत होता. फलंदाजी, धावणे आणि क्षेत्ररक्षण एकत्र मोजून, सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले असे सांगणारे ‘वॉर’ नावाचे माप आहे. त्यात ट्राउट दहाच्या पुढे होता आणि काब्रेरा सातच्या आसपास. माझे मत विचाराल तर पुरस्कार चुकला. पुढे २०१४, २०१६ आणि २०१९ साली तो ट्राउटला मिळालाच.

शेजारचे गृहस्थ न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचे कट्टर चाहते असल्यामुळे त्यांचे दुःख वेगळे आहे. संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या २००९च्या निवडीत एंजल्सनी ज्या पंचविसाव्या क्रमांकावर ट्राउटला घेतले तो क्रमांक मुळात यांकीजचा होता आणि एंजल्सकडच्या मार्क टेक्सेराला करारबद्ध केल्यामुळे नियमानुसार तो एंजल्सकडे गेला. पोरगा आमच्याच राज्यातल्या मिलव्हिलचा, निवडीचा कार्यक्रम आमच्याच राज्यातल्या सिकॉकसमध्ये, आणि तो गेला कॅलिफोर्नियाला! त्यामुळे त्याचे घरचे सामने आमच्याकडे रात्री साडेनऊ-दहाला सुरू होतात आणि सकाळी चहाबरोबर निकाल तेवढा कळतो.

त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की मोसमानंतरच्या बाद फेरीत तो एकूण तीनच सामने खेळला आहे, २०१४ साली कॅन्सस सिटीविरुद्ध, आणि तिथे बारा वेळांत एकच फटका लागला. तो होमरन होता ही गोष्ट वेगळी. मला विजय मर्चंट आठवले. प्रथम श्रेणीत ७१.६४ची सरासरी असूनही त्यांच्या वाट्याला दहाच कसोटी आल्या. मिळालेच नाही त्या रंगमंचाचा हिशेब नटाकडे मागू नये, असे मला वाटते.

कार्डाची किंमत मात्र या कशालाच फारशी बांधलेली नाही. ऑगस्ट २०२०मध्ये ट्राउटच्या सहीचे, एकच प्रत असलेले बोमन छापाचे २००९चे कार्ड ३९ लाख ३६ हजार डॉलरना विकले गेले आणि तो त्यावेळी कोणत्याही खेळातल्या कार्डाचा उच्चांक ठरला. त्यानंतर पोटरी, पाठ, हात आणि गुडघा अशी दुखण्यांची रांग लागली. २०२१ ते २०२४ या चार मोसमांत संघाच्या ६४८ सामन्यांपैकी तो २६६ खेळला. आधीच्या आठ-नऊ वर्षांतली एकही धाव त्यामुळे पुसली गेली नाही, पण त्याच्या कार्डांचे भाव उतरले. भाव मागचे पाहत नाही, पुढच्या आशेवर चालतो. विक्रेता मागतो ती किंमत न पाहता विक्री झाल्याची किंमत पाहायची, हेही मी याच काळात शिकलो. सोनेरी छटेची २०११ प्रतींची आणि हिऱ्यासारखी चमकणारी आवृत्तीही त्याच मालिकेत निघाली होती. आमचे कार्ड अर्थातच साधे.

मग भिंगाखाली कार्ड धरले. डावीकडची पांढरी पट्टी उजवीपेक्षा स्पष्ट रुंद दिसत होती. वरच्या उजव्या कोपऱ्यात कापसाच्या तंतूसारखा कागद फुटला होता, आणि दोन्ही कडांच्या मध्यावर रबरबँड बसला होता तिथे नखाला जाणवेल न जाणवेल अशी खोबण होती. गठ्ठ्यात सगळ्यांत वर असण्याचा मान त्याला असा भोवला. तरीही आशेने एका ग्रेडिंग कंपनीकडे, म्हणजे कार्डाची स्थिती तपासून गुण देणाऱ्यांकडे, पाठवले. दोन महिन्यांनी ते जाड प्लास्टिकच्या पेटीत बंद होऊन परत आले, दहापैकी आठ. दहा आणि आठ यांच्या किमतींत इतके अंतर आहे की आमच्या बाबतीत ग्रेडिंगचा खर्च आणि टपाल जेमतेम भरून निघाले असते.

एका हॉटेलच्या दालनात भरलेल्या कार्डांच्या प्रदर्शनात ते घेऊन गेलो. टेबलामागच्या तरुणाने पेटी उजेडात तिरकी करून पाहिली, फोनवर शेवटच्या चार विक्री दाखवल्या आणि त्यांच्या सरासरीच्या तीन-चतुर्थांश रक्कम देऊ केली. मी त्याला २०१२च्या पुरस्काराबद्दल सांगू लागलो. तो हसून म्हणाला, “काका, तुमचं सगळं खरं आहे, पण त्याचा गुडघा कसा आहे?” पोरगा मराठी निघाला, म्हणून चहा झाला, व्यवहार झाला नाही.

२० सप्टेंबर २०२५ रोजी डेन्व्हरमध्ये ट्राउटने चारशेवा होमरन मारला. मी उत्साहाने त्या तरुणाला पुन्हा विचारले, तर त्याचा आकडा होता तिथेच होता.

मुलाला कळवले की कार्ड ठेवू या. ट्राउटचा करार २०३०पर्यंत आहे; निवृत्तीनंतर पाच वर्षे गेल्याशिवाय हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानासाठी) नाव येत नाही, म्हणजे तोपर्यंत मी सत्तरी ओलांडलेली असेन. त्याचे उत्तर एका ओळीचे होते: “चालेल बाबा, पण या वेळी रबरबँड नको.”