चार खेपा आणि एक ‘डबल कोट’

मागच्या वर्षी पावसाळ्यात एका श्वानविक्रेत्याच्या दारात मी चार वेळा छत्री मिटून उभा राहिलो, आणि त्या चारही खेपांत मला जे पाहायचे होते ते पाहायला मिळाले नाही. मला पाहायची होती पिल्लाची आई. ही मागणी अवाजवी होती असे मला आजही वाटत नाही.

मुलगा हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात रिकाँग पिओ येथे नोकरीस आहे. सून आणि सात वर्षांचा नातू तेथेच राहतात. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २२९० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तेथे बर्फ पडतो. बेळगावची उंची साधारण ७५० मीटर. आम्ही आपल्या गावाला मोठ्या अभिमानाने थंड हवेचे गाव म्हणतो खरे, पण ऐन जानेवारीत आमचे किमान तापमान सरासरी १४ अंशांच्या आसपास असते आणि त्यातच आमचे स्वेटर बाहेर निघतात. नातवाला कुत्रा हवा होता, आणि तो बेळगावच्या आजोबांनीच आणावा असा त्याचा हट्ट होता. आजोबांचाही होता, हे कबूल करतो, कारण मुलाने पहिल्याच दिवशी सांगितले होते, “बाबा, इथे धनगरांकडे गद्दी आणि भोटिया कुत्री आहेत, तुम्ही एवढा खटाटोप कशाला करता?” तो म्हणत होता ते खोटे नव्हते. परंतु ती कुत्री पिढ्यान्‌पिढ्या कळपाच्या राखणीसाठी वाढवलेली, बिबट्याच्या अंगावर जाणारी. दोन खोल्यांच्या घरात, जेथे नातवाचे चार मित्र रोज न सांगता आत शिरतात, तेथे असा राखणदार मला नको होता. शिवाय आपल्या हातून काहीतरी जावे ही इच्छा होतीच.

माझी पहिली निवड मुधोळ हाउंड ही होती. मुधोळ आमच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, तिथले संस्थानिक मालोजीराव घोरपड्यांनी नावारूपाला आणलेला हा कुत्रा, २००५ साली त्याच्यावर टपाल तिकीट निघाले, २०१६ साली तो लष्कराच्या प्रशिक्षणासाठी मेरठला गेला. यापेक्षा आपले असे काय न्यायचे? आमच्या पशुवैद्यांनी मला समोर बसवून विचारले, “गुरुजी, त्याच्या अंगावरची बरगडी मोजता येते, हे पाहिलंय ना?” मुधोळच्या अंगावर आखूड, गुळगुळीत केसांचा एकच थर असतो आणि कातडीखाली चरबी जवळजवळ नसते, कारण तो दख्खनच्या उघड्या माळावर सशामागे धावण्यासाठी घडलेला आहे. बर्फात तो झूल घालून जगेल, पण सुखाने राहणार नाही. मी निमूटपणे ते नाव खोडले. नातवाला हवा असलेला हस्की सुनेने खोडला. थंडीच्या दृष्टीने त्याच्यात काहीच उणे नाही, पण त्याला मैलोन्‌मैल पळायला हवे, आणि दोर सुटला की शेजाऱ्यांची कोंबडी त्याच्या तोंडात असायची.

राहिला जर्मन शेफर्ड. शिकवला तर शिकतो, घरच्यांना धरून राहतो, आणि त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वर राठ, पाणी झटकणारे केस आणि खाली लोकरीसारखी दाट लव. थंडी अडवण्याचे काम ही आतली लव करते, कारण तिच्यात हवा अडकून राहते आणि अंगाची ऊब बाहेर पडत नाही. येथपर्यंतचा प्रवास आठ दिवसांत झाला. पुढचे सात आठवडे ‘डबल कोट’ या दोन शब्दांनी खाल्ले.

आमच्या भागातील एका शहरात एक विक्रेता आहे. त्याच्या पाटीवर डबल कोट जर्मन शेफर्ड मिळतील असे लिहिले होते, आणि मला हवे होते ते नेमके हेच, या समजुतीने मी जुलैच्या अखेरीस पहिल्या भेटीतच पाच हजार रुपये बयाणा दिला. माझ्याच चुकीची ही सुरुवात होती. पिल्लू चाळीस दिवसांचे होते, कापसाच्या बोळ्यासारखे गुबगुबीत, आणि विक्रेता म्हणाला, “सर, ओरिजिनल डबल कोट हाय की वो, आजच न्या.” कुत्र्यांच्या पैदास व विक्रीसंबंधी २०१७ सालचे केंद्राचे नियम आहेत, त्यांत आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, हे मी वाचलेले होते, म्हणून मी थांबतो म्हणालो. त्या थांबण्याचा त्याला राग आला असावा.

दुसऱ्या खेपेस मी आई दाखवा म्हटले. आई शेतावर होती. तिसऱ्या खेपेस शेतावर जाऊ म्हटले, तर ओढ्याला पाणी आल्यामुळे वाट बंद होती, आणि तो म्हणाला की पिल्ले झाल्यावर तिची लव झडली आहे, आता पाहून काय कळणार? मी संतापून घरी आलो आणि पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितले की व्यायल्यानंतर काही आठवड्यांनी मादीचे केस खरोखरच गळतात. म्हणजे विक्रेता त्या एका बाबतीत खरे बोलत होता, आणि मी घरभर त्याच्या नावाने ओरडत होतो. पण मग नर दाखवायला काय हरकत होती? नर म्हणे दुसऱ्याच्या मालकीचा होता, आणि तो दुसरा फोन उचलत नव्हता.

याच फोनवर मला कळलेली गोष्ट अशी. आमच्याकडच्या बाजारात ‘डबल कोट’ म्हणजे लांब केसांचा कुत्रा आणि ‘सिंगल कोट’ म्हणजे आखूड केसांचा. किंमत त्यावरून ठरते, लांब केसांना काही हजार रुपये जास्त. प्रत्यक्षात चांगल्या जर्मन शेफर्डला केस आखूड असोत की लांब, दोन थर असतातच. उलट लांब केसांच्या काही कुत्र्यांत आतली लव विरळ किंवा नसल्यात जमा असते, आणि जातीच्या मानकात तो दोष समजला जातो. म्हणजे ज्याला बाजार सिंगल कोट म्हणून स्वस्तात देतो तो बर्फासाठी अधिक योग्य असू शकतो. शिवाय लांब केस बर्फात गैरसोयीचे असतात, कारण पायांच्या बोटांमध्ये आणि पोटाखाली बर्फाच्या गोळ्या धरतात आणि कुत्रा चालता चालता बसून पंजे चावू लागतो. सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या कानांमागे आणि बोटांमध्ये झुबके दिसू लागले, तर ते लांब केसांचे होणार हे ओळखता येते. मी बयाणा दिलेल्या पिल्लाच्या कानांमागे ते झुबके पहिल्याच दिवशी होते, आणि मी त्यांचे कौतुक केले होते.

पिल्लाच्या अंगावरची मऊ लव पाहून मोठेपणीचा कोट कळत नाही, कारण ती बाळलोकर असते आणि पुढे जाते. म्हणून आईबाप पाहायचे. आईच्या पाठीवर, खांद्यामागे, दोन्ही हातांच्या बोटांनी केस उलट्या दिशेने दुभंगायचे. खाली राखाडी किंवा फिक्या रंगाची लोकर दिसली आणि कातडी सहज दिसली नाही, तर काम झाले. लगेच गुलाबी कातडी दिसली तर ‘डबल कोट’ची पाटी कितीही मोठी असो, नमस्कार करून निघावे. ही परीक्षा हिवाळ्यात अधिक खरी ठरते. आमच्याकडे वैशाखात चांगल्या कुत्र्याची लवही पातळ झालेली असते.

चौथी खेप गणेशचतुर्थीच्या आदल्या आठवड्यातली. या वेळी मी पावती घेऊन गेलो होतो. पावती कन्नडमध्ये होती. मला कन्नड बोलता चांगले येते, पण वाचताना मी अजून अक्षरावर बोट ठेवतो, आणि पहिल्या दिवशी पावसाच्या घाईत मी ते बोट ठेवले नव्हते. पावतीवर केवळ ‘लाँग कोट’ असे लिहिले होते. आतल्या लवेचा उल्लेख नव्हता, आणि खाली बयाणा परत मिळणार नाही अशी ओळ होती. मायक्रोचिपबद्दल विचारले तर ती ‘नंतर’ बसवणार, केनेल क्लबचे कागद ‘चेन्नईहून’ येणार. कागद उशिरा येतात हे खरे आहे. पण त्या कागदावरून वंशावळ कळते, केसांखाली काय आहे ते कळत नाही. चिप आणि लसीकरण मात्र विक्रीच्या आधी व्हायला हवे, आणि राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडील नोंदणीही विक्रेत्याकडे हवी. नोंदणी कोठे आहे असे विचारताच त्याने एकदम विषय बदलला आणि सांगितले, “सरकार परदेशी कुत्र्यांवर बंदी आणणार हाय, नंतर मिळणार नाही बगा.” मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींबाबत परिपत्रक काढले होते, त्यात अकिता, रॉटवायलर, कॉकेशियन शेफर्ड यांची नावे होती, जर्मन शेफर्डचे नव्हते; आणि एप्रिलमध्ये आमच्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्दही केले होते. मी हे सगळे त्याला शाळेत फळ्यावर लिहावे तसे सावकाश सांगितले. तीस वर्षे विज्ञान शिकवल्याचा मला एवढा उपयोग यापूर्वी क्वचितच झाला असेल. त्याने आईवडील दोन्ही दाखवले नाहीत, पण पैसे परत देतो असे मात्र प्रथमच म्हटले.

पुढचे सगळे इतके सरळ झाले की सांगण्यासारखे फारसे नाही. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे गाव, त्यामुळे आसपासच्या खेड्यांत निवृत्त जवान पुष्कळ. त्यांपैकी एका सुभेदारांच्या घरी जुलैत पिल्ले झाली होती. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी आईला हाक मारली, ती येऊन माझ्या पायांशी बसली. केस आखूड, बाजाराच्या भाषेत सिंगल कोट. मी सुभेदारांची परवानगी घेऊन तिच्या खांद्यामागचे केस दुभंगले. तिची लवही बाळंतपणानंतर थोडी झडली होती, तरी खाली राखाडी लोकर होती आणि कातडी दिसत नव्हती. नर त्यांच्या भावाकडे होता, तोही त्याच दिवशी पाहिला, त्याची लव तर हातमोजा घातल्यासारखी लागली. कंबरेच्या सांध्याचा दोष या जातीत आनुवंशिक असतो, म्हणून दोघांना पळताना पाहिले आणि नराचा एक्स-रे काढलेला होता तो पशुवैद्यांना दाखवला. एवढ्या परीक्षांनंतर सुभेदार हसून म्हणाले, “गुरुजी, आमच्या भरतीतसुद्धा एवढं तपासलं नव्हतं.”

आम्ही मादी पिल्लू घेतले. अंगावर काळा आणि तांबूस रंग, त्यामुळे नातवाने तिचे नाव कुंदा ठेवले. बेळगावच्या कुंदा या मिठाईचा रंग त्याला आठवला. माझ्या धाकट्या मावशीचेही नाव कुंदाच असल्याने फोनवर अधूनमधून गैरसमज होतात.

येथे आठवले म्हणून सांगतो: पिल्लाला थंड प्रदेशात न्यायचे असेल तर ऐन बर्फात नेऊ नये. लव थंडीने तर येतेच, पण दिवस लहान होत जातात त्याचाही तिच्यावर परिणाम होतो, म्हणून तिला वेळ मिळायला हवा. शिवाय लहान पिल्लांना अंगाची ऊब नीट राखता येत नाही. आम्ही रेबीजची लस होईपर्यंत, म्हणजे तीन महिने पूर्ण होईपर्यंत थांबलो, आणि दिवाळीस आलेला मुलगा तिला बरोबर घेऊन गेला. पुण्याहून रेल्वेत वातानुकूलित प्रथम वर्गाचा दोन जणांचा कूपे पूर्ण आपल्या नावावर असला तर कुत्रा बरोबर नेता येतो. एरवी त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवतात, ते मला पाहवले नसते. मुलगा आणि सून दोघांनी मिळून तो कूपे घेतला होता. निघण्यापूर्वी सुनेला कुंदाला आंघोळ घालायची होती, ती मी घालू दिली नाही. जोडीला केस आखूड कापून घेण्याचाही तिचा विचार होता, तोही मोडून काढला. एकदा कापलेली लव पूर्ववत येईपर्यंत हिवाळा संपून जातो. ओल्या कुत्र्याला मात्र टॉवेलने आतपर्यंत कोरडे करावे, कारण भिजून चिकटलेल्या लवेत हवा उरत नाही. पाण्याचे भांडे दिवसातून दोनतीनदा बदलावे लागते, नाहीतर त्यावर साय धरल्यासारखा बर्फ येतो. हे सुनेने नंतर कळवले. पहिल्या हिवाळ्यात कुंदाला रात्री घरातच निजवायचे, हे मी पाठवतानाच बजावले होते.

जानेवारीत मुलाने एक छायाचित्र पाठवले. कुंदा अंगणात बसली आहे, बर्फ भुरभुरतो आहे आणि तिच्या पाठीवर पडलेला बर्फ तसाच पांढरा राहिला आहे, वितळलेला नाही. आतली ऊब बाहेर येत असती तर तो वितळून गेला असता. नातवाच्या वर्गातील मुलांना ते छायाचित्र दाखवून हा धडा शिकवायची मला फार इच्छा झाली.

तेच छायाचित्र मी त्या विक्रेत्यालाही पाठवले. त्याने पाहिले, हे दोन निळ्या खुणांवरून कळले. पाच हजारांपैकी तीन हजार त्याने दसऱ्याला परत केले होते. उरलेले दोन हजार अजून यायचे आहेत.