तिसऱ्या दिवसाची दुपार

माघ वारीला सोलापुरातून तिऱ्हे, कामती, मंगळवेढा या वाटेनं पंढरपूर 75 ते 80 किलोमीटर पडतं. शुद्ध सप्तमीला निघायचं, दशमीला पोचायचं. आकडा ऐकून कुणी घाबरत नाही. माणूस घाबरतो तो दोन वेळांना, पहाटेच्या काळोखात आणि तिसऱ्या दिवशी दुपारी. वर्षानुवर्षं चालणारे आम्हीही त्याच दोन वेळांना घाबरतो. फरक एवढाच की आम्हाला वेळ आधीपासून ठाऊक असते.

पहाटेचं सोपं आहे, ते आधी सांगतो. शुद्ध पक्ष म्हणून नवे लोक चांदणं धरून येतात. पण सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, दशमीचाही पहाटे तीनच्या आतबाहेर. काकडा उरकून चारला दिंडी रस्त्याला लागते तेव्हा वर नुसत्या चांदण्या असतात. त्यात हा उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असं नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. तिऱ्ह्याला सीनेचा पूल लागतो, तिथं बाजूला सरकायला जागा नसते. म्हणून पुलाआधी चारच्या रांगा मोडून दोनच्या करायच्या, शेवटच्या माणसाच्या हातात लाल दिवा द्यायचा, आणि पताकांच्या काठ्यांना चमकणाऱ्या पट्ट्या घरूनच चिकटवून आणायच्या.

पुलावर भजन थांबवायचं नाही. थांबलं की प्रत्येकाला फक्त मागून येणारं इंजिन ऐकू येतं आणि रांग विस्कटते. अंधारात नवी चाल लावू नये. सगळ्यांना झोपेतही येतो असा अभंग घ्यावा, लय ठाय, म्हणजे संथ ठेवावी. टाळाचा आणखी एक उपयोग आहे. दिंडी लांबली की मागच्यांना पुढचा आवाज उशिरा पोचतो, 100 मीटरवर पाव सेकंदाहून जास्त उशिरा. मग मागचा टाळ पुढच्याशी जुळत नाही. टाळ फाटला असं कानावर आलं की विणेकरी पाय आखडता घेतो आणि मागचे येऊन मिळतात. कुणी हाका मारायच्या नाहीत, कुणी मागे पळायचं नाही. पहिल्यांदा आलेल्याला हे कळलं की त्याची भीती निम्मी होते. आपण मागे राहिलो तर कुणाला तरी ऐकू जाईल, एवढं त्याला पुरतं.

आता पाय. नवी चप्पल किंवा नवे बूट हा वारीतला सगळ्यात महाग नवस. जे घालून चालणार, तेच घालून आधीचे पंधरा दिवस रोज 5 ते 6 किलोमीटर चालावं. फोड येतो तो ओल, उष्णता आणि घासण या तिघांमुळे, म्हणून दुपारी मोजे बदलायचे आणि पाय पुसून पाच मिनिटं उघडे ठेवायचे. बोटांच्या बेचक्यात आणि मांड्यांना सकाळी व्हॅसलिन. फोडातून सुईनं दोरा ओवून तो तसाच ठेवायची जुनी रीत आहे. करू नका. दोऱ्यावाटे घाण आत जाते आणि दुसऱ्या दिवशी पाय सुजतो. फोड लहान असेल तर झाकून ठेवावा. फारच ताणला असेल तर सुई उकळून कडेला टोचावी, पाणी जाऊ द्यावं, वरची कातडी मात्र काढू नये.

गुडघ्याचं दुखणं वेगळं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. दिवसभर एकाच कडेनं चाललं की एक पाय सतत खाली पडतो, आणि संध्याकाळी त्याच बाजूचा गुडघा आणि कंबर बोलायला लागते. त्यावर बाम चोळण्याआधी रांगेतली जागा बदला. बाहेरचा आत, आतला बाहेर, दर तासाला.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकराला फार शिकवावं लागत नाही. कडक भाकरी आठवडाभर सहज टिकते, शेंगाचटणीत तेल आणि मीठ दोन्ही असतं. फक्त पहाटे रिकाम्या पोटी चटणी खाऊ नये, नऊ वाजेपर्यंत छाती जळते. आधी गूळ-शेंगदाणे. सोलापुरी चादर एकच घ्यावी. रात्री ती ऊब देते, पण दवात भिजली की सकाळी घोंगड्याएवढी जड होते.

आणि मग तो तिसरा दिवस. पहिले दोन मुक्काम हलके असतात. नवमीला कामतीहून बेगमपूरवरून भीमेचा पूल ओलांडायचा, पलीकडे माचणूर, आणि तिथून पुढं मंगळवेढा. सगळ्यात लांब टप्पा, चारही दिवसांतला. माचणूरच्या सिद्धेश्वरापाशी भीमेच्या घाटावर लोक बसतात आणि उठत नाहीत. वीस मिनिटांच्या वर बसलं की पोटऱ्या आखडतात, मग उठताना जी कळ येते तिनं धीर जातो. ‘माऊली, आता माझ्याच्यानं होत नाही,’ हे वाक्य इथं ऐकू येतं. त्याच्या पोटात दुसरं असतं, ते क्वचितच कुणी मोठ्यानं म्हणतं: देवाला बहुतेक मी नकोच आहे.

याला लगेच प्रवचन देऊ नये. आधी विचारावं, सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात, रंग कसा होता. पिवळीधमक असेल तर अश्रद्धेचा प्रश्नच नाही, पाणी कमी पडलंय. उलट नुसतं पाणीच ढोसलं असेल, मीठ काहीच नसेल, तर डोकं दुखतं, मळमळतं आणि मन उगाच खचतं. 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घोटघोट अर्धा-पाऊण तासात. चमचा चहाचा. मधुमेहाच्या माणसाला घाम आणि थरथर सुटली तर आधी साखर, चौकशी नंतर. आणि घाम थांबलाय, कातडी तापलीय, बोलणं असंबद्ध झालंय, तर त्याला विठ्ठल म्हणायला लावू नये. सावली, ओलं फडकं, वारा, आणि सामानाच्या टेम्पोतून थेट दवाखाना. टेम्पोत बसल्यानं वारी मोडत नाही. मोडते म्हणणारे बहुतेक घरी बसलेले असतात.

शरीराचं हे सगळं बघून झालं आणि तरी माणूस बसूनच असेल, तर मग त्याच्या हातात टाळ द्यायचा. दोन्ही हात गुंतले की दुखऱ्या जागा चाचपणं थांबतं. तोंडानं म्हणायचं म्हणजे श्वास आपोआप ओळीच्या मापात येतो, पाऊल ठेक्यावर पडतं. कडेला नाही, मधल्या रांगेत, मृदंगाच्या पुढं. पहिली दोन कडवी तो नुसते ओठ हलवतो. चौथ्या-पाचव्याला आवाज फुटतो. ही देवाची कृपा की ठेक्याचा गुण, यावर आमच्यात रात्री वाद होतो. मला विचाराल तर पंढरीच्या वाटेवर या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

माळकरी असेल तर त्याहून जालीम उपाय आहे, वीणा. वीणा जमिनीला टेकवत नाहीत. देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि ती गळ्यातून गळ्यात जाते. जिच्यावर सगळी दिंडी चालते ती गळ्यात घालून बसता येत नाही. एक किलोमीटरपुरती देतो म्हणायचं. परत मागायची घाई करायची नाही.

संध्याकाळी मंगळवेढा. दामाजीपंतांचं गाव, आणि चोखोबा गावकुसाच्या भिंतीखाली गेले तेही हेच. ढिगाऱ्यातली त्यांची हाडं नामदेवांनी विठ्ठलनाम ऐकून ओळखली, असं सांगतात. हरिपाठानंतर गरम पाण्यात पाय सोडून हे ऐकताना कुणी चुळबुळत नाही.

दशमीला पंढरपुरात शिरल्यावर चंद्रभागेत एकट्यानं आत जाऊ नका, वाळू उपसल्यानं तळाशी खड्डे आहेत. पदस्पर्शाची रांग झेपणार नसेल तर नामदेव पायरी, समोर चोखोबांची समाधी आणि कळसाचं दर्शन. एकादशीला निर्जळी उपास या पायांनी करू नये. मठात आलं की सगळे भिंतीला टेकतात. वीणा टेकत नाही, तिचे पहारे, म्हणजे ती गळ्यात घेऊन उभं राहायच्या पाळ्या, मंगळवेढ्यातच लावलेले असतात. पहिल्या पहाऱ्याला नाव बहुधा त्याचंच असतं, जो माचणूरच्या घाटावरून उठत नव्हता.