तुम्ही विचारलंत म्हणून: झिपरी दार का ओरबाडायची

सकाळी टेकडीवर भेटणारे, लिफ्टमधले शेजारी, हल्ली तर मैत्रिणींच्या मैत्रिणीसुद्धा फोन करून एकच विचारतात, "ताई, आमचा कुत्रा घरातलं सगळं फाडतो हो, तुम्ही काय केलंत?" मी दर वेळी उलट विचारते, काय फाडतो, कुठे बसून, आणि तुम्ही घरात असताना की गेल्यावर? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण आपल्याला दिसतो तो फक्त नंतरचा पसारा. मलाही सांगता आलं नसतं, आणि त्यापायी माझ्या झिपरीला जे सोसावं लागलं ते आठवलं की अजून पोटात तुटतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहिते.

झिपरी गावठी आहे, २०२० च्या पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये सापडली, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची. चौथ्या महिन्यात तिने चपला धरल्या, त्यातही माझ्या कोल्हापुरीच, आणि ते साहजिकच आहे, एक तर कातडं आणि त्यात आपल्या पायाच्या घामाचा वास मुरलेला. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, चार ते सहा-सात महिन्यांच्या दरम्यान ते पडून ४२ पक्के येतात, हिरड्या नुसत्या शिवशिवत असतात. एकदा पायपुसण्यावर मला तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला, मुळाशी जरासं रक्त लागलेलं, तो हातात घेतल्यावर माझा चपलेचा राग गेलाच. जुना नॅपकिन ओला करून पीळ देऊन फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि चावायला द्यायचा, लक्ष ठेवून, नाहीतर चिंध्या गिळतात, आणि चपला कपाटात. एवढंच केलं, सातव्या महिन्यात थांबलं. शिजवलेली हाडं मात्र देऊ नका, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

खरं प्रकरण पुढे झालं. दीड वर्ष आम्ही सगळे घरातच होतो, वर्क फ्रॉम होम, शाळा ऑनलाइन, झिपरी एकटी अशी कधी राहिलीच नाही. २०२२ मध्ये ऑफिस सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात मुख्य दाराची चौकट खालून वीतभर कुरतडलेली, लाकडाच्या ढलप्या पडलेल्या, फरशीवर लाळ. एका ट्रेनरने सांगितलं की तिला त्या जागेपाशी न्यायचं आणि दटावायचं, म्हणजे कळेल. मी तसं केलं, तीनदा. ती कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन भिंतीला चिकटायची आणि मी म्हणायची, बघा, हिला सगळं कळतंय, अपराधी चेहरा बघा कसा.

तो चेहरा अपराधाचा नसतो हो. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी २००९ मध्ये हेच तपासलं होतं, १४ कुत्री घेऊन, मालकाने नको म्हटलेला खाऊ काहींनी खाल्ला काहींनी नाही, आणि मालकांना कधी खरं सांगितलं कधी खोटं, तर तो पडका चेहरा दिसला तो रागावल्यावर, खाऊ खाल्लेला असो वा नसो. म्हणजे झिपरीला इतकंच कळत होतं की ताई घरी येते आणि चिडते. मी जाण्याची भीती होतीच, त्यात मी येण्याची भर घातली.

शेवटी जुना मोबाइल शू-रॅकवर ठेवून रेकॉर्डिंग लावून गेले. मी गेल्यावर ती दाराशी बसून राहिली, मग धापा, मग येरझाऱ्या, बाराव्या मिनिटाला रडणं आणि दोन्ही पंजांनी दार ओरबाडणं, एका नखातून रक्त आलेलं तरी थांबेना. मी ते ऑफिसच्या जिन्यात बसून पाहिलं आणि पुढचं काही सुचलंच नाही.

म्हणून कुठे फाडलं ते बघा म्हणते. दार-खिडकीपाशी, आपण निघाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, वर लाळ, रडणं, कुठेतरी शू, तर बहुधा ती एकटेपणाची धास्ती. घरभर काहीही, तुम्ही समोर असतानाही, तर बऱ्याचदा कंटाळा. फक्त फटाक्यांच्या दिवसांत, तर आवाजाची भीती. कंटाळ्याला उपाय सोपा, खुशाल हुंगू द्या. साखळी ओढत भराभर चालवण्यापेक्षा वीस मिनिटं एकेक झुडूप हुंगत गेलेलं कुत्रं घरी येऊन खरंच दमून झोपतं.

धास्तीला वेळ लागतो. आधी व्हेटकडे गेलो, त्यांनी तपासून काही महिने गोळ्या दिल्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त स्वतःच्या मनाने देऊ नका. मग सराव, किल्ली उचलायची आणि परत भाजी निवडायला बसायचं, पर्स घ्यायची आणि टीव्ही लावायचा, असं इतक्यांदा की किल्लीच्या आवाजाने तिचे कान उभे राहीनात. मग दाराबाहेर पाच सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटं, ती घाबरायच्या आत परत. तोवर तिला एकटं ठेवायचंच नाही, हे सगळ्यात अवघड, खालच्या मजल्यावरच्या आजी दुपारी तिला सांभाळायच्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आणि कोणी पिंजऱ्यात कोंडा म्हणालं तर अशा कुत्र्याला कोंडू नका, सुटायच्या धडपडीत दात तुटतात, नखं उखडतात. चार तास शांत राहायला आम्हाला सात महिने लागले.

तेव्हा तुमचं कुत्रं दार कुरतडत असेल तर उद्या बाहेर पडताना मोबाइल लावून अर्धा तास रेकॉर्ड करा आणि तो व्हिडिओ घेऊनच या, सकाळी सहाला आम्ही दोघी टेकडीवर असतो.