पत्रं लिहून वाचवलेला सीझन

"मामा, हे वाचवायला लोकांनी पत्रं लिहिली होती?"

काल रात्री भाचीने विचारलं आणि मी रिमोट शोधायचं नाटक केलं. पडद्यावर 'स्टार ट्रेक' या जुन्या अमेरिकन अंतराळ-मालिकेतला स्पॉक, यानावरचा अधिकारी, चालत होता. मेंदूशिवाय! मेंदू परग्रहवासींनी पळवलेला आणि डॉक्टरसाहेब त्याचं धड बटणं दाबून चालवतायत. मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा पहिलाच भाग, सप्टेंबर १९६८.

मीच तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की मालिका बंद पडणार म्हटल्यावर चाहत्यांनी चॅनेलवर पत्रांचा पाऊस पाडला, आणि मार्च १९६८ मध्ये चॅनेलला पडद्यावरून जाहीर करावं लागलं की मालिका चालू राहतेय. पुढचं सांगायचं सोयीस्करपणे राहिलं. बजेट कापलं, वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची (तरुण प्रेक्षक तेव्हा घरात कशाला बसतील?), आणि १९६९ मध्ये गाशा गुंडाळलाच.

या सीझनला मी स्वतः किती नावं ठेवलीत! पण तिने ठेवली तर झोंबलं. घरच्या माणसाला आपण बोलावं, पाहुण्यांनी नाही, तसलं काहीतरी.

बरं, दोघांचाही अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा आणि तरी काळी बाजू डावी की उजवी यावरून एकमेकांचे वैरी, तो भागही याच सीझनमधला. बटबटीत आहे, मान्य. मला आवडतो. शिवाय हा सीझन धरूनच भाग ७९ झाले, आणि मालिका खरी गाजली ती नंतरच्या पुनःप्रसारणात.

हे सगळं तिला समजावलं. ती म्हणाली, "ठीक आहे, पण मेंदू परत बसवतात का?"

म्हणजे बघत होती तर!

तुम्ही असा कुठला सीझन शिव्या देत देत पुन्हा बघता?