आमची वाटचाल : घाटमाथ्यावरची सिराह

खानापूर घाटमाथ्याची ओळख दोन गोष्टींनी आहे. एक गलाई. सोनं-चांदी गाळणारी आमची माणसं देशातल्या बहुतेक सराफ बाजारांत सापडतात. दुसरी द्राक्षं. आमच्या घरात दोन्ही आहे. थोरल्या दादांचं दुकान कोइमतूरला, बाग माझ्याकडे. वाइनरीचं पहिलं भांडवल दादांनी दिलं, कारण बँकेच्या साहेबांना आमचा हिशेबच पटेना. माल तयार झाल्यावरही चार वर्षं विकणार नाही म्हणणाऱ्याला कर्ज कोण देणार?

2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. पुढे 2008 नंतरच्या मंदीत वाइन टाक्यांतच पडून राहिली आणि अनेकांनी वाइनच्या जातींच्या बागा तोडल्या. आम्ही नेमकी त्याच पडत्या काळात सिराहची लागण केली. ही जात आपल्याकडे शिराझ म्हणून जास्त माहीत आहे. जागा निवडली ती डोंगराच्या अंगाची, जिथं ज्वारीसुद्धा धड येत नव्हती. वीतभर मुरूम, खाली खडक, उतार असा की ट्रॅक्टर चढत नाही. फवारणीपासून तोडणीपर्यंत सगळं माणसांनी करायचं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी शिवारात आलं तरी वरच्या टप्प्यांवर ते थेट पोचत नाही. टाकीत चढवायचं आणि ठिबकनं मोजून द्यायचं.

आबांचा पहिल्यापासून विरोध. त्यांची हयात खाण्याच्या द्राक्षात गेली. मणी फुगवायचा, मणी वाढवणाऱ्या जीए संजीवकात (जिबरेलिक अ‍ॅसिड) घड बुडवायचे, विरळणी करायची, एकरी दहा-बारा टनांची गोष्ट करायची. इथं सगळं उलटं. मणी बारीकच हवा, कारण रंग आणि टॅनिन, म्हणजे वाइनचा तुरटपणा, सालीत असतं. मणी लहान तितका रसाच्या मानानं सालीचा वाटा मोठा. आम्ही घड काढून एकरी अडीच-तीन टनांवर थांबतो. तोडून जमिनीवर टाकलेले हिरवे घड पाहून आबा म्हणाले होते, “पीक घ्यायलायस का नासायलायस?” अजूनही घड काढायच्या आठवड्यात ते बागेत येत नाहीत.

डोंगर कशासाठी, हे बागायतदारांना सांगायला हवं. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकतं तेव्हा हवा थंडीकडे झुकत असते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतो, म्हणजे ऊन वाढत असताना. साखर भराभर चढते, आम्लता घसरते, म्हणजेच सामू (पीएच) वर जातो. आणि चढ्या सामूची वाइन फार दिवस टिकत नाही. उंचीवर रात्री थंड असल्यानं ही घसरण जरा सावकाश होते. आम्हाला तेवढेच दहा-बारा दिवस जास्त मिळतात. सगळा धंदा त्या दिवसांवर उभा आहे.

थंडी लांबली की वासात मिरी येते. ती कल्पना नव्हे. रोटुंडोन नावाचं द्रव्य सिराहमध्येही असतं आणि काळ्या मिरीतही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते 2008 मध्ये दाखवून दिलं. सिराहचं कूळ त्याआधीच, 1998 मध्ये, डीएनए तपासून ठरलं: दुरेझा आणि माँद्यूज ब्लांश, दोन्ही फ्रेंच जाती. त्या संशोधनातल्या कॅरोल मेरेडिथ यांनी त्याआधीच नवऱ्याबरोबर कॅलिफोर्नियात नापाच्या माउंट व्हीडर डोंगरावर सिराहच लावली होती. मला या बाईंचं फार कौतुक आहे. प्रयोगशाळेत जातीचं कूळ शोधलं आणि तिच्यासाठी डोंगरही चढल्या.

साठवणुकीचं धाडस मात्र मला मॅक्स शूबर्ट यांच्या गोष्टीनं दिलं. ऑस्ट्रेलियातल्या पेनफोल्ड्स या वाइन कंपनीत त्यांनी 1951 मध्ये ग्रेंज ही शिराझ सुरू केली. कोवळी असताना ती जाणकारांनाही आवडली नाही आणि 1957 मध्ये कंपनीनं बंद करायला सांगितलं. यांनी ती लपूनछपून चालू ठेवली. जुन्या बाटल्या मुरल्या, चव पालटली, तेव्हा त्याच कंपनीनं पुन्हा परवानगी दिली. आज ती जगभर संग्रहासाठी घेतली जाते.

आमचा आवाका लहान. 225 लिटरच्या ओक पिंपातून जेमतेम तीनशे बाटल्या निघतात. पिंपातली वाइन लाकडातून उडते, ती तूट सतत भरावी लागते. दीड वर्ष पिंपात, मग बाटलीत, डोंगरात खोदलेल्या खोलीत. खडकामुळे तिथं उन्हाळ्यातही गारवा राहतो, वीज गेली तरी जीव टांगणीला लागत नाही. दर सालातल्या थोड्या पेट्या आम्ही मागे ठेवतो आणि सावकाश काढतो. फ्रान्समधल्या एर्मिताज या सिराहच्या नावाजलेल्या डोंगराच्या चांगल्या सालाची बाटली वीस-तीस वर्षं सहज टिकते. आमचीही टिकेल असं मी कुणाला सांगत नाही. आमची सर्वांत जुनी बाटली अजून त्या वयाची झालेली नाही. उघडून पाहिलेल्यांत टॅनिन मऊ झालंय, जांभळा रंग विटकरीकडे वळलाय, एवढं खात्रीनं सांगतो.

ठेवण्यासाठी घेणार असाल तर जागा आधी बघा. बारा ते पंधरा अंश, अंधार, बाटली आडवी. सांगलीच्या एप्रिलमध्ये ती कपाटात ठेवायची असेल तर घेऊच नका, आल्या वर्षी पिऊन टाकण्याची साधी बाटली आमच्याकडे आहे. मॅग्नम, म्हणजे दीड लिटरची, सावकाश मुरते. पण ती आम्ही थोडीच भरतो. आणि जुन्या बाटलीत तळाशी गाळ दिसला म्हणून परत पाठवू नका. रंग आणि टॅनिनच खाली बसतं ते. एक दिवस उभी ठेवा, हलक्या हातानं ओता, शेवटचा घोटभर बाटलीतच राहू द्या.